सेंट थॉमसहून, ती. नानांस

सुलेखाचे वडील वारल्याची बातमी तिला एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या एका किराणा दुकानात, भेंडी निवडताना कळली. तीही सहा महिने उशिरा.

कांचन म्हणून तिच्या ओळखीची एक बाई होती. माहेर नागपूरचंच, धरमपेठेतलं. ती टोपलीत दुधी ठेवता ठेवता म्हणाली, "नानांचं आमच्या बाबांच्या पत्रातून कळलं ग. फार वाईट वाटलं. तुला फोन करायचा राहूनच गेला बघ. वर्षश्राद्धाला जाशील ना आता उन्हाळ्यात?"

सुलेखाने हातातल्या भेंडीचं टोक मोडून पाहिलं. कोवळी होती. "बघू," ती म्हणाली. मग तिने पौंडभर भेंडी घेतली, कोथिंबीर घेतली, गाडी चालवत घरी आली आणि भाजी फोडणीला टाकली. असं काही कानावर आलं की माणूस हंबरडा फोडतो, निदान मटकन खाली तरी बसतो, असा आपला समज असतो. सुलेखाने पोळ्या केल्या. सहा तिच्या नवऱ्याला, दोन स्वतःला.

नवरा म्हणजे जगन्नाथ. एका औषध कंपनीत इंजिनियर, पुण्याचा, सरळमार्गी माणूस. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्याने दोन वाट्या भेंडी खाल्ली आणि म्हणाला, "मस्त झालीय." सुलेखाने ताट उचललं. कांचनने काय सांगितलं ते तिने त्याला सांगितलं नाही. आधी तिला एक गोष्ट ताडून पाहायची होती.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर तिने कपाटातून नानांची पत्रं काढली. निळी, चिकट कडांची विमानपत्रं. नागपूरच्या घरी फोन नव्हता. शेजारी देशकरांकडे फोन करावा, त्यांनी हाक मारावी, असा सगळा मामला, आणि नानांना ऐकू कमी येत असल्याने ते फोनवर कधी येतच नसत. त्यामुळे नाना म्हणजे पत्रच. फेब्रुवारीत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून पत्रात रवीदादाचं, म्हणजे तिच्या भावाचं, अक्षर येऊ लागलं. 'नाना सांगतात, मी लिहितो,' असं त्याने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. अशी एकूण नऊ पत्रं होती. नऊही पत्रांत नाना तिला 'चि. सुलू' म्हणत होते, पावसाची चौकशी करत होते, आणि देशकरांच्या कुत्र्याला नावं ठेवत होते.

ऑगस्टच्या पत्रात होतं, 'हात भाजला म्हणे. दुखणं अंगावर काढू नकोस, कोरफड लाव.'

जुलैत पुऱ्या तळताना तिच्या मनगटावर तेल उडालं होतं. हे तिने माहेरी कळवलं नव्हतं. असलं काही कुणी कळवत नाही, उगाच त्यांच्या जिवाला घोर. त्या वेळी स्वयंपाकघरात माणसं दोनच होती. एक ती आणि दुसरा जगन्नाथ.

म्हणजे नागपूरला बसून रवीदादा नानांच्या नावाने पत्रं लिहीत होता, आणि त्या पत्रांत काय घालायचं ते जगन्नाथ ऑफिसातून फोन करून पुरवत होता. दोघांनी मिळून तिच्या बापाला सहा महिने जिवंत ठेवलं होतं. आणि वाईट याचं की, पत्रं छान झाली होती. नऊंपैकी कुठलं खरं आणि कुठलं बनवलेलं, हे तिला सांगता येईना. नानांचं शेवटचं वाक्य कुठलं ते शोधत ती दुपारभर पलंगावर बसली, आणि कुत्र्याबद्दलची वाक्यं तर सगळ्याच पत्रांत सारखीच नानांसारखी होती.

आता हे त्यांनी का केलं, ते ओळखायला काही डोकं लागत नव्हतं. आपल्याकडे ही एक रीतच होऊन बसली आहे. परदेशातल्या माणसाला वाईट कळवायचं नाही. बिचारी एकटी आहे, लांब आहे, ऐकून काय करणार, येता थोडंच येणार आहे. सगळे मिळून गुपचूप ठरवतात, आणि ज्याचं माणूस गेलं त्यालाच तेवढं विचारत नाहीत. जूनमध्ये सुलेखाची फार्मसीच्या लायसन्सची परीक्षा होती. आदल्या वर्षी ती एकदा नापास झाली होती. 'परीक्षा होऊन जाऊ दे,' असं कुणीतरी म्हटलं असणार. मग निकाल लागू दे. मग गणपती आले. मग दिवाळी, सणासुदीला कुठे. खोटं बोलायला एकदा चांगलं कारण मिळालं की पुढची कारणं आपली आपण येऊन उभी राहतात, बोलवावी लागत नाहीत.

दिवाळीनंतर जगन्नाथने थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीची दोन तिकिटं काढली. सेंट थॉमस बेट, चार दिवस. "अमेरिकेचंच आहे, पासपोर्टचं लचांड नाही," तो म्हणाला होता. "मस्त समुद्र आहे. तुला चेंज हवाय, सुलेखा." तेव्हा ती हरखली होती. आता पत्रांचा गठ्ठा मांडीवर घेऊन तिला कळलं की चेंज कशासाठी होता. तो तिला तिथे सांगणार होता.

सांगू दे, तिने ठरवलं. आपण विचारायचं नाही. विचारलं की तो सांगेल, विचारल्यावर कुणीही सांगतो. त्याने आपणहून सांगायला हवं. चार दिवस आहेत. परतीच्या विमानात बसेपर्यंत त्याने तोंड उघडलं तर जे झालं ते पोटात घालू. नाही उघडलं, तर यापुढे हा माणूस बाहेर पाऊस पडतोय म्हणाला तरी खिडकी उघडून पाहावं लागेल. असा संसार करता येतो का, हे तिला माहीत नव्हतं. बॅग भरताना तिने चिवडा घेतला, लसणाची चटणी घेतली, चहाचं पाणी तापवायची कॉइल घेतली.

विमानातून उतरल्यावर ऊन अंगावर आलं. एडिसनला पानं गळून गेली होती, आणि इथे चिंचेची झाडं, चाफा, नारळ. रस्त्यात गाड्या डाव्या बाजूने चालत होत्या. "बघ, आपल्यासारखं," जगन्नाथ खुशीत म्हणाला. "अमेरिकेत राहून लेफ्टने ड्राइव्ह. तुझ्या नागपूरलाच आलोय समज." 'नागपूर' म्हटल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी लागलं आणि तो हॉटेल येईपर्यंत नकाशा उघडून बसला. सुलेखा खिडकीबाहेर पाहत होती. समुद्र वाण्याने फुकट दिलेल्या कॅलेंडरवरच्या चित्रासारखा निळा होता. तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला डोंगर. रस्ते वळणावळणाचे, उभ्या चढाचे. प्रवाशांसाठी ट्रकच्या मागे बाकं बसवून वर छप्पर घातलेल्या उघड्या टॅक्सी असतात, तशा एका टॅक्सीतून ती दोघं पहिल्या दिवशी डोंगरावर गेली. तिथे एक दगडी बाक आहे. त्यावर बसलं की खाली घोड्याच्या नालेसारखा आत वळलेला तो प्रसिद्ध किनारा दिसतो, आणि लांबवर दुसरी बेटं. माणसं रांगेने त्या बाकावर बसून फोटो काढून घेत होती. यांचाही नंबर आला. ड्रायव्हरने फोटो काढला. सुलेखा हसली. हसायला काही विशेष कष्ट पडत नाहीत हे तिला या अकरा दिवसांत कळलं होतं.

फोटो झाल्यावर जगन्नाथ तिच्याजवळ कठड्याला टेकून उभा राहिला.

"सुलेखा."

"काय?"

त्याने घसा साफ केला. खाली समुद्राकडे पाहिलं, मग हाताकडे. सुलेखा वाट पाहत उभी राहिली. तिचं काळीज धडधडायला हवं होतं, पण ते आपलं नेहमीसारखं चाललं होतं. त्यातल्या त्यात एवढंच झालं की तिला वाटलं, सांगा. सांगून टाका एकदाचं, म्हणजे मला बसता येईल.

"काही नाही," तो म्हणाला. "लेन्सचं झाकण तुझ्याकडे आहे ना?"

होतं. तिने पर्समधून काढून दिलं.

माणूस वाईट नव्हता हो. सात वर्षांत तिच्यावर आवाज चढवला नव्हता. ती परीक्षेला बसली तेव्हा सकाळचा चहा तोच करायचा. पण त्याचं घोडं नेमकं इथेच अडायचं. कटू बोलायची वेळ आली की तो एकदम कामाचा माणूस होई. झाकण शोधी, नकाशा उघडी, टायरमधली हवा बघून येई. स्वतःच्या आईचं आणि सुलेखाचं एकदा वाजलं होतं तेव्हा त्याने दोन तास बसून बिघडलेला मिक्सर दुरुस्त केला होता.

दुसऱ्या दिवशी बोटीने शेजारच्या सेंट जॉन बेटावर गेले. वीस मिनिटांचा प्रवास. तिथला किनारा पांढऱ्या वाळूचा. पाण्याखाली मासे आणि प्रवाळ बघत पोहता यावं म्हणून पाण्यातच पाट्या लावलेल्या आहेत. जगन्नाथने तोंडाला तो काचेचा मुखवटा आणि नळी लावली आणि बदकासारखा तरंगत राहिला. मधूनच डोकं वर काढून ओरडे, "निळा मासा बघितला. अख्खा निळा. ये ना पाण्यात." सुलेखा साडी नेसून झाडाखाली बसली होती. तिने मान हलवली. चिवड्याचा डबा उघडला, दोन घास खाल्ले. शेंगदाणे दाताखाली येत होते एवढंच, चव काही लागत नव्हती.

शेजारच्या टॉवेलवर ओहायोचं एक म्हातारं जोडपं होतं. त्यातल्या बाईने चिवड्याकडे कुतूहलाने पाहिलं. सुलेखाने डबा पुढे केला. बाईंनी चिमूटभर खाल्ला, तिखट लागला, हसल्या, आणि मग गप्पांना बसल्या. कुठल्या, काय करता, मुलं किती. तेवढ्यात जगन्नाथ पाण्यातून बाहेर आला आणि अंग पुसत शेजारी बसला.

"इंडियात घरी कोण असतं तुमचं?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"भाऊ," सुलेखा म्हणाली. "आणि वडील."

"अरे वा. कसे आहेत वडील?"

सुलेखाने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं, जणू त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या खात्यात येत होतं. जगन्नाथ टॉवेलने कान पुसत होता. तो एक कान त्याने फार वेळ पुसला.

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय," तो शेवटी म्हणाला. "पण ठीक आहे आता. त्यांचं रेग्युलर पत्र येतं."

"किती छान," बाई म्हणाल्या. "माझी मुलगी तर फोनसुद्धा करत नाही."

त्या संध्याकाळी हॉटेलच्या गच्चीवर जगन्नाथने रम घेतली. एरवी तो लग्नाकार्यात बियरचा घोट घेणारा माणूस. सूर्य बुडत होता, बंदरातली मोठी जहाजं दिवे लावत होती, पलीकडच्या टेबलावरचे लोक त्या सूर्यास्ताला टाळ्या वाजवत होते. त्याचे डोळे लाल झाले होते.

"आपण ना," तो म्हणाला, "नाताळात नागपूरला जाऊन येऊ या का?"

"एकदम? रजा मिळेल तुम्हाला?"

"काढतो. जाऊ या. तुला बरं वाटेल."

"नानांना भेटून?" सुलेखाने विचारलं.

हा प्रश्न तिने मुद्दाम टाकला होता, हे कबूल करायला हवं. विचारायचं नाही असं ठरवूनही तिने त्याला इतकं सोपं करून दिलं होतं की नुसती मान नकारार्थी हलवली असती तरी भागलं असतं. जगन्नाथने ग्लासातला बर्फ हलवला.

"हं," तो म्हणाला.

खोटं बोलायला माणसं केवढी मोठमोठी वाक्यं जुळवतात. याचं एका अक्षरात झालं. सुलेखा त्या 'हं'कडे बराच वेळ बघत बसली. तिला राग यायला हवा होता. राग आला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. पण जिथे राग असायला हवा तिथे हात घातला की दाढ काढल्यावर हिरडी लागते तसं बधिर लागायचं. ती उठली आणि खोलीत जाऊन कॉइलवर चहा केला. दोघांसाठी.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, शहर पाहायचं होतं. जुना लाल किल्ला, डोंगर चढत जाणाऱ्या विटांच्या पायऱ्या, चाच्यांच्या काळातला म्हणतात तो बुरूज. सुलेखा सगळ्या पायऱ्या चढली. जगन्नाथने गाइडबुकातून प्रत्येकाची माहिती वाचून दाखवली. कुठल्या राजाने बांधला, किती साली बांधला, ते सगळं त्याने नीट, आवाज चढवून वाचलं. खाली बाजारात सोन्याची आणि घड्याळांची दुकानं होती. एका दुकानातला सिंधी मालक बाहेर येऊन म्हणाला, "इंडिया से? आइए भाभीजी, देख तो लीजिए." जगन्नाथ तिला मोत्याचे टॉप्स घेऊ का म्हणाला. ती नको म्हणाली. मग त्याने आग्रह केला, मग ती बरं म्हणाली. टॉप्स छान होते. तिने तिथेच कानांत घातले.

त्याच रस्त्यावर एका टपरीवर तिने चित्राचं एक कार्ड घेतलं. त्या प्रसिद्ध किनाऱ्याचं. उद्या सकाळचं विमान होतं. ही शेवटची संधी, आणि ती आपणच त्याला द्यायची, असं तिने कार्ड हातात घेतल्यावर ठरवलं. आधी काही योजलं नव्हतं.

"पोस्टात जाऊ या," ती म्हणाली. "नानांना कार्ड टाकते."

जगन्नाथ म्हणाला, "घरी गेल्यावर टाकू की."

"मग इथला शिक्का कसा येईल? नानांना शिक्के आवडतात."

पोस्ट ऑफिस जवळच होतं. आत पंखे फिरत होते आणि भिंतीला लागून एक लाकडी बाक होता. सुलेखा त्यावर बसली, पर्स मांडीवर घेतली आणि तिच्यावर कार्ड ठेवून लिहू लागली.

'ती. नानांस सा. न. वि. वि. आम्ही इथे सुखरूप पोचलो. समुद्र खूप निळा आहे. हवा आपल्याकडच्या मार्चसारखी. इथे चिंचेची झाडं आहेत पण चिंचा कुणी पाडत नाही. तुमचा डोळा आता कसा आहे? देशकरांचा कुत्रा काय म्हणतो?' आणि पुढे सही. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हे जिवंत माणसाला लिहिण्यापेक्षा काही वेगळं नसतं. अक्षर तेच येतं.

खाली तिने दोन बोटं जागा सोडली. लग्न झाल्यापासूनचा तो शिरस्ताच होता. तिच्या प्रत्येक पत्रात शेवटच्या दोन ओळी जावयाच्या. नाना त्या दोन ओळींची वाट पाहायचे. जावईबापूंची सही नसली तर पुढच्या पत्रात 'त्यांचं बरं आहे ना?' असं हटकून विचारायचे. तिने कार्ड आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

"तुमच्या दोन ओळी," ती म्हणाली.

जगन्नाथने कार्ड घेतलं. तिने लिहिलेलं वाचलं. कुत्र्यापाशी त्याचे डोळे थांबलेले तिला दिसले. त्याने पेनचं टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. आता हा पेन खाली ठेवेल, सुलेखाला वाटलं. याला बाकी काहीही जमो, पण हे लिहिता येणार नाही. कुणालाच येणार नाही. गेल्या तेरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या छातीत काहीतरी हललं. ठेवा पेन, ती मनात म्हणाली. ठेवा हो. नुसतं ठेवा, बोलू नका, मी समजेन.

तो लिहू लागला. गुडघ्यावर कार्ड ठेवून, वळणदार अक्षरात, जसं नेहमी लिहायचा तसं. मग तिच्या हातात दिलं.

'ती. नानांस सा. न. सुलेखा मजेत आहे. डोळ्यांना जपावे, ऊन टाळावे. पुढच्या उन्हाळ्यात भेटूच. आपला, जगन्नाथ.'

सुलेखाने ते वाचलं. छातीत जे हललं होतं ते जागच्या जागी बसलं. "छान लिहिलंत," ती म्हणाली. "टाकून या."

खिडकीमागे एक धिप्पाड, पांढऱ्या केसांची काळी बाई होती. जगन्नाथने कार्ड पुढे सरकवून इंडियाला किती तिकिटं लागतील विचारलं. बाईने कार्डाला हात लावला नाही. "गुड मॉर्निंग," ती शांतपणे म्हणाली. या बेटावर आधी नमस्कार-चमत्कार, मग काम. जगन्नाथ ओशाळला, गुड मॉर्निंग म्हणाला, मग तिकिटं घेतली, जिभेने ओली करून नीट चौकोनात चिकटवली, किती दिवसांत पोचेल ते विचारलं. शिक्का बसल्याचा आवाज सुलेखाला बाकावर ऐकू आला.

तो परत येऊन शेजारी बसला. "दहा-बारा दिवसांत मिळेल म्हणते नानांना."

"आणि उत्तर?"

"येईल की. रवी लगेच लिहितो."

"या वेळी रवीदादाला त्रास देऊ नका," सुलेखा म्हणाली. "तुम्हीच लिहा उत्तर. नाना काय म्हणतील ते तुम्हाला आता चांगलं जमतं."

जगन्नाथने तिच्याकडे पाहिलं. या खेपेस शोधायला झाकणही नव्हतं.

"सुलेखा, मी इथे सांगणारच होतो. देवाशप्पथ. त्यासाठीच तर तुला घेऊन आलो."

"माहीत आहे."

"पहिल्याच दिवशी, त्या बाकापाशी..."

"मी तिथेच होते," ती म्हणाली.

आणि मग जगन्नाथ रडला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. चाळिशीकडे झुकलेला, फुलाफुलांचा शर्ट घातलेला माणूस दोन्ही हातांत तोंड लपवून हुंदके देऊ लागला. सहा महिने त्याच्या छातीवर होतं ते सगळं भडाभडा बाहेर आलं. नानांचा त्याच्यावर जीव होता आणि त्याचाही नानांवर होता, हे काही खोटं नव्हतं. रांगेतली माणसं वळून पाहू लागली. सुलेखाने पर्समधून टिश्यू काढून त्याला दिला. त्याच्या पाठीवरून हात फिरवला, कारण शेजारी कुणी रडत असलं की तसं करतात. आपले वडील गेले, आणि पहिलं रडणंही यानेच रडून घेतलं, एवढंच तिच्या मनात आलं.

खिडकीमागची बाई उठून बाहेर आली. हातात कागदी पेल्यात पाणी होतं. ते तिने जगन्नाथच्या पुढ्यात धरलं आणि हलक्या आवाजात सुलेखाला विचारलं, "याचं कुणी वारलं का?"

"माझे वडील," सुलेखा म्हणाली. हे शब्द तिने मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारले.

"अरेरे, बाळ," बाई म्हणाली. "कधी?"

सुलेखाने सांगायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिला माहीत नाही. उन्हाळ्यात, एवढंच. कुठली तारीख, कुठला वार, दिवस की रात्र, काहीच माहीत नव्हतं. बाई पेला धरून उभी होती. ज्याला माहीत होतं तो शेजारी बसून रडत होता.

"अहो," तिने त्याचा खांदा हलवला. "नाना कधी गेले?"

"अकरा मे," तो टिश्यूतून म्हणाला. "बुधवार. पहाटे. मला सकाळी ऑफिसात रवीचा फोन आला."

"मे महिन्यात. अकरा तारखेला," सुलेखाने बाईला सांगितलं. बाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि खिडकीकडे परत गेली.

अकरा मे. बुधवार. तो बुधवार सुलेखाला चांगला आठवत होता. जगन्नाथ त्या दिवशी चारलाच घरी आला होता, तिला स्वयंपाक नको म्हणून पिझ्झा घेऊन. आल्या आल्या त्याने भांडी घासली, मग तिचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसला आणि तिच्याकडून दोनशे औषधांची नावं म्हणून घेतली. दोन सोडून सगळी बरोबर आली. त्याने पाठ थोपटली, आणि ती इतकी हसली की पुस्तक खाली पडलं. त्याच संध्याकाळी, विमानपत्र पुढ्यात घेऊन, तिने नानांना कळवलं होतं की तुमचा जावई सोन्यासारखा आहे आणि मी इथे फार सुखात आहे.